दडपणाखाली काम शिकवणारं शिबिर: एका केटरिंगवालीचा अभिप्राय

पैसे वसूल झाले का, हे सगळे आधी विचारतात, म्हणून तेच आधी सांगते. पहिल्या दिवसाचे नाही झाले. दुसऱ्या दिवसाचे झाले, आणि थोडे वरच आले.

जळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं. फी साडेतीन हजार, वर जीएसटी, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण आणि चहा. पत्रकावर विषय छापला होता, 'दडपणाखाली उत्तम कामगिरी: मानसशास्त्र आणि नेतृत्व'. घेणारे सर पुण्याचे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. शिवाय जळगाव काय, धुळं काय, नाशिक काय, या विषयावरच्या शिबिरांचा माल थोड्याफार फरकानं सारखाच असतो. कुठल्याही शिबिरात गेलात तर काय पदरात पाडून घ्यायचं आणि कुठं चहाला उठायचं, एवढं यावरून कळलं तरी पुरे.

माझं भुसावळला केटरिंग आहे. लग्नं, साखरपुडे, वास्तुशांती, मयतीनंतरची गंधमुक्ती. यावल, फैजपूर, सावदा, रावेर, इकडे बोदवड, मुक्ताईनगर, जामनेरपर्यंत कामं असतात. जेवण बहुतेक ठरलेलं: वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, भात, एखादं गोड, उन्हाळ्यात मठ्ठा. कुणी हौशी असेल तर खापरावरचे मांडे. हाताखाली आचारी, बट्ट्या वळणाऱ्या बाया, वाढपी पोरं, भांडीवाल्या. आमच्या धंद्याची गोची अशी की काम पुढे ढकलता येत नाही. मुहूर्त साडेबाराचा असतो, लग्न दीडला लागतं, आणि अक्षता पडल्या की पुढच्या दहा मिनिटांत सातशे माणसं एकदम भुकेली होतात. त्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास भुसावळचं ऊन, आणि भट्टीजवळ उभं राहायचं म्हणजे उन्हात ऊन. अशा वेळी मुलीचा बाप येऊन विचारतो, "ताई, अजून दीडशे पानं वाढली तर जमेल ना?" विचारतो कसला, सांगतोच तो.

म्हणून मी गेले. हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण. जिनिंगचे एक मालक, सराफ बाजारातले दोन मॅनेजर, बँकेतल्या मॅडम, क्लासवाले सर, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर. बायका मोजून चार.

पहिला दिवस सुरू झाला तो धोनीच्या क्लिपनं. २००७ ची टी-ट्वेंटीची फायनल, जोहान्सबर्ग, शेवटचं षटक जोगिंदर शर्माच्या हातात, पाकिस्तानला १३ हव्यात. आपण पाच धावांनी जिंकलो. हॉलमध्ये टाळ्या. मला क्रिकेटचं वावडं नाही, पण ती क्लिप मी पोराच्या शाळेत बघितली, विमावाल्यांच्या मेळाव्यात बघितली, आता इथं. मिसबाहचा तो फटका शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हातात न जाता मागं पडला असता, तर हीच क्लिप 'नवख्याला शेवटचं षटक का देऊ नये' म्हणून दाखवली असती. हे मी सरांना म्हटलंही. सर हसले आणि पुढची स्लाइड लावली.

पुढची स्लाइड मात्र कामाची निघाली. उलट्या वाटीसारखी एक रेघ होती. दडपण अगदीच नसेल तर माणूस सुस्त, थोडं वाढलं की काम सुधारतं, फार वाढलं की कोसळतं. ही रेघ प्रत्येक शिबिरात असते. आमच्या सरांनी निदान ती आली कुठून ते सांगितलं. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकनांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरानं दोनपैकी बरोबर खोका निवडायचा, चुकीच्या खोक्यात शिरला की विजेचा झटका. खोके ओळखायला सोपे होते तेव्हा झटका जितका जोरात तितका उंदीर लवकर शिकला. ओळखणं अवघड केलं तेव्हा जोराचा झटका नडला, मध्यम झटक्यावर शिकणं चांगलं झालं.

सर या अर्ध्या भागावरून घाईनं पुढे गेले, पण माझ्या मते सगळा अर्क तिथंच होता. सोप्या कामाला जोराचं दडपण चालतं, अवघड कामाला चालत नाही. आमच्याकडं बट्ट्या वळायच्या बायांना "अगं हात चालवा, वरात फाट्यावर आली" असं ओरडलं की खरंच हात चालतो, बट्टी काही बिघडत नाही. तेच मी वरणाच्या आचाऱ्यावर ओरडले तर? मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वरण वाढवायचं म्हणजे पाणी किती, मीठ किती, परत आधण यायला किती वेळ, बट्टीसोबत खायला दाटपणा किती राहायला हवा, हा सगळा हिशोब एका डोक्यात चाललेला असतो. तिथं आवाज चढवला की हिशोब मोडतो. म्हणजे ओरडायचं की नाही एवढ्यानं भागत नाही, कुणावर ओरडायचं ते बघावं लागतं. उंदरांच्या गोष्टीतून माणसांविषयी किती काढावं हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि तो रास्तच होता. पण भट्टीजवळ मला रोज जे दिसतं त्याच्याशी ते जुळलं, म्हणून मी घेतलं.

त्यानंतरचा तास म्हणजे पहिल्या दिवसाचा एकमेव खणखणीत तास. विषय असा, की येणारं काम ऐन वेळी का बिघडतं. रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये यावर लिहिलं. मुरलेल्या हाताचं काम आपोआप चाललेलं असतं, दडपण आलं की माणूस स्वतःच्याच हाताकडं बघायला लागतो आणि तिथं घोळ होतो. पुढे सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंवर हे करून बघितलं. अनुभवी खेळाडूंना चेंडू नेताना पायाकडं लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा वेग कमी झाला. नवशिक्यांचं उलटं, त्यांना लक्ष दिल्याचा फायदा झाला.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मांडेवाल्या मावशी उभ्या राहिल्या. मांडे ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला उंडा लाटून मग हातावर घ्यायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत, कोपरापर्यंत झुलवत झुलवत वाढवायचा. तो पातळ होत जातो, धोतरासारखा लोंबायला लागतो, आणि फाटायच्या आधीच्या क्षणाला चुलीवरच्या पालथ्या खापरावर पसरायचा. मावशी हे करताना शेजारणीशी सुनेच्या तक्रारी करत असतात. नजर मांड्याकडं नसतेच. फैजपूरकडच्या एका लग्नात व्हिडिओवाला आला, लाइट लावला आणि म्हणाला, "मावशी, जरा हळू करा, हात कसा फिरवता ते दाखवा." मावशींनी हाताकडं बघितलं, आणि मांडा फाटला. दुसरा घेतला, तोही खापरावर पडताना दुमडला. सहा-सात वाया गेल्यावर मावशींनी त्याला झाऱ्यानं हाकलला. तो गेला, सुनेचा विषय परत निघाला, मांडे परत चादरीसारखे.

या तासातून मालकानं शिकायचं ते हेच, की जुन्या हाताला ऐन कामात सूचना द्यायची नाही आणि नव्या हाताला द्यायची. आपण नेमकं उलटं करतो. पाहुणे आले की मुख्य आचाऱ्याच्या खांद्यावर जाऊन उभे राहतो, आणि काल लागलेलं पोरगं तिकडं एकटं सोडतो. सरांनी हे इतकं उघड सांगितलं नाही. चहाच्या वेळी मी सराफ बाजारवाल्या मॅनेजरांशी बोलले, तर ते म्हणाले धनत्रयोदशीला त्यांच्या काउंटरवर अगदी असंच होतं.

आता जेवणाविषयी, कारण ते मी बघणारच. मेनू होता पनीर, मिक्स व्हेज, दाल फ्राय, जिरा राइस, गुलाबजाम. जळगावात, थंडीच्या दिवसांत, भरीत नाही, शेवभाजी नाही, कळण्याची भाकरी तर दूरच. चव वाईट नव्हती, पण हा मेनू सुरतेपासून सोलापूरपर्यंत कुठंही मिळतो. चाळीस माणसांना एकच काउंटर, ताटं एका टोकाला आणि चमचे दुसऱ्या टोकाला, म्हणून माणसं उलटी फिरून परत रांगेत घुसत होती. वाढणारं पोरगं घाबरलेलं, त्याचा कॅप्टन सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसत होता. मी सरांना म्हटलं, सर, तुमचा विषय इथं चाललाय, स्लाइड बंद करून इकडंच बसूया. सर म्हणाले, चांगली आयडिया आहे. बसले नाहीत.

दुपारचं सत्र जरा फसलेलंच. छातीत धडधडतं तेव्हा स्वतःला 'मी शांत आहे' म्हणण्यापेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणावं, असा मुद्दा होता. त्याला आधार आहे. अॅलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ चं संशोधन आहे, त्यात लोकांना गाणं म्हणायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं घातली, आणि स्वतःला 'उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधड दोन्हीत सारखीच असते, तिला दाबण्यापेक्षा तिचा रोख बदलणं सोपं. हे पटतं. पण ते शिकवायचं कसं, तर चाळीस माणसांना उभं करून, हात वर करून, इंग्रजीत तीन वेळा ओरडायला लावलं. गुलाबजाम खाऊन. जिनिंगचे मालक, वय साठीच्या पुढं, पांढरा सदरा, हात वर करून 'आय अॅम एक्सायटेड' म्हणताना माझ्याकडं असे बघत होते, की मला खाली बघावं लागलं.

श्वासाचं सत्र ठीक. चार आकडे मोजत श्वास घ्या, चार धरा, चार सोडा, चार थांबा. सोडायचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच सोय आहे, त्यात बुवाबाजी नाही. फक्त सरांनी ते एसी हॉलमध्ये शिकवलं. लाकडाच्या भट्टीजवळ धुरात चार मोजून खोल श्वास घेतला तर खोकलाच येतो. मी ते आता फोनसाठी ठेवलंय. मुलीच्या बापाचा फोन आला की उचलायच्या आधी एक लांब श्वास सोडते. त्याचा उपयोग होतो.

पहिल्या दिवशी घरी येताना वाटलं होतं की पैसे पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असंही मनात आलं. गेले ते बरं झालं.

दुसरा दिवस विमानानं सुरू झाला. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट, धुकं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान परवानगीशिवाय धावपट्टीवर धावायला लागलं, समोर पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं जम्बो अजून धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली. विमान चालवणारा काही नवशिका नव्हता, कंपनीतल्या वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. आणि त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंही होतं, की ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, झालं. तो गप्प बसला.

इथं हॉल पहिल्यांदा खरोखर शांत झाला. सरांनी पुढं सांगितलं, की अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये नासानं एक कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांना वेगळंच शिक्षण द्यायला सुरुवात झाली. विमान कसं उडवायचं ते त्यांना येतच होतं. कॅप्टननं हाताखालच्याचं ऐकायचं कसं आणि हाताखालच्यानं कॅप्टनला अडवायचं कसं, ते शिकवायला लागले.

त्याला जोडून न्यूयॉर्कची गोष्ट, १५ जानेवारी २००९ ची. उड्डाणानंतर लगेच पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेली, सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ च्या १५५ वाचले. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला ठाऊक नव्हतं ते हे, की त्या तीन-साडेतीन मिनिटांत, नदी जवळ येत असताना, सलेनबर्गर यांनी सहवैमानिक स्काइल्स यांना विचारलं होतं, काही सुचतंय का? त्यांनी उत्तर दिलं, नाही. आणि विमान पाण्यात उतरलं. उत्तर काही उपयोगाचं नव्हतं, पण विचारलं. मी वहीत एवढंच लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग एमी एडमंडसन यांचं काम आलं. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या वॉर्डात चुका कमी सापडतील अशी अपेक्षा, आकडे निघाले उलटे. चांगल्या वॉर्डात नोंदलेल्या चुका जास्त. शोध घेतल्यावर लक्षात आलं, की तिथं नर्सेस चूक बोलून दाखवतात, बाकीच्या ठिकाणी झाकतात. बँकेतल्या मॅडम इथं पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं रजिस्टर एकदम स्वच्छ असतं." सगळे हसले, त्या नाही हसल्या.

सर्वांत रंगला तो यादीचा तास, आणि त्याचं श्रेय सरांपेक्षा डॉक्टरांना. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनच्या आधी वाचायची एक यादी आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून बघितली आणि २००९ मध्ये निकाल छापले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. सरांनी एवढं सांगून टाळ्या घेतल्या. तेव्हा डॉक्टर उठले आणि म्हणाले, २०१४ चं कॅनडातलं पण सांगा. तिथं ऑंटारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत ही यादी सक्तीची केली आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. का, यावर त्यांचं स्वतःचं मत असं, की वरून हुकूम आला की माणसं टिकमार्क करून मोकळी होतात. यादीतला खरा जीव आहे तो सुरुवातीला प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगण्यात. ज्यानं एकदा तोंड उघडलं, तो मध्येच 'थांबा' म्हणायला धजतो. सरांनी मान्य केलं. डॉक्टरांनी पुढची दहा मिनिटं घेतली आणि ती त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं होती. शिबिरात कोण माणसं येतात यावर निम्मं अवलंबून असतं ते असं.

शेवटी जपानच्या रेल्वेची फिल्म दाखवली. ड्रायव्हर सिग्नलकडं बोट दाखवतो आणि रंग मोठ्यानं म्हणतो. १९९४ मधल्या चाचणीत या पद्धतीनं दर शंभर कामांमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. हॉलमध्ये लोक आश्चर्यानं बघत होते, मला हसू आलं. आमचे हे लोको पायलट. त्यांच्या इंजिनात सिग्नल दिसला की साहेब आणि असिस्टंट दोघंही हात करून तो मोठ्यानं पुकारतात, आणि हे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुटीच्या दिवशी मोटारसायकलवर सुद्धा यांच्या तोंडातून निघतं. पण ही रीत माझ्या गंजाजवळ आणावी हे इतकी वर्षं डोक्यात आलं नव्हतं, ते त्या फिल्मनं आणलं.

आता प्रत्यक्षात काय टिकलं ते सांगते, नाहीतर अभिप्राय कसला. लग्नसराईत मी तीन गोष्टी लावून बघितल्या.

मिठाची पुकार. मोठ्या गंजात मीठ दोनदा पडणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग, कारण घाईत दोन आचारी एकाच वरणाकडं बघत असतात. आता मीठ टाकणारा गंजाला हात लावून ओरडतो, "मोठ्या गंजात मीठ पडलं!" आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. पहिल्या दिवशी पोरांनी एवढी थट्टा केली, की भांडीवाल्या बायासुद्धा "ताटाला पाणी पडलं!" म्हणून ओरडायला लागल्या. थट्टा थांबली, पुकार टिकली.

दुसरं म्हणजे, जेवण सुरू व्हायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी गोल उभं राहून आपलं काम सांगायचं. हे निम्मंच टिकलं. आचारी सांगतात, वाढपी पोरं लाजतात, आणि घाईच्या दिवशी मीच विसरते.

तिसरं 'थांबा'. कुणीही, अगदी पाण्याच्या जारवरचं पोरगंसुद्धा, 'थांबा' म्हणू शकतं. म्हटल्यावर हातातलं थांबवून बघायचं, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही, मग तो चुकीचा का निघेना.

यावल तालुक्यातल्या एका गावात लग्न होतं. पारा ४४ च्या पुढं, मांडवाच्या कापडाखाली तर श्वास कोंडत होता. मठ्ठ्याचे दोन पिंप भरलेले. वाढायला घेणार एवढ्यात जारवरचं पोरगं आलं, धुळ्याकडचं, महिनाही झाला नव्हता लागून. हळूच म्हणालं, "ताई, थांबा. मठ्ठाना वास यी ऱ्हायना." म्हणजे मठ्ठ्याला वास येतोय. आमचे मुख्य आचारी तिथंच होते. ते म्हणाले, मी चाखलाय, चांगला आहे, तू जार भर. आणि खरंच त्यांनी चाखला होता, पण सावलीतल्या पिंपातला. दुसरा पिंप मांडवाच्या कडेला होता, सूर्य फिरला तसं त्याच्यावर ऊन आलं होतं, आणि बर्फ घातला होता तो फक्त पहिल्यात. मी झाकण काढून वाकले, तर चाखायची गरजच पडली नाही. तो पिंप गावाबाहेर नेऊन ओतला. उरलेल्या मठ्ठ्यात बर्फाचं पाणी घालून अर्धा-अर्धा ग्लास वाढला. मुलीच्या मामानं दोनदा ऐकवलं, की मठ्ठा पातळ आहे. ऐकून घेतलं.

मुख्य आचारी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, वीस वर्षं झारा धरतोय आणि जारवाल्यासमोर माझी परीक्षा? त्यांचंही खोटं नाही. हाताखालच्यानं बोलायचं कसं हे सरांनी छान शिकवलं, पण ज्याला अडवलं त्या जुन्या माणसाचा मान कसा राखायचा, यावर दोन दिवसांत अवाक्षर नव्हतं. आपल्याकडं खरा पेच तिथंच आहे. वैमानिक ड्यूटी संपली की आपापल्या घरी जातात. आमचे आचारी एकाच टेम्पोत बसून घरी येतात.

दुसरी मोठी उणीव झोपेची. दडपणाविषयी दोन दिवस बोलायचं आणि झोपेचं नाव नाही, याला काय म्हणावं. माझी माणसं दुपारच्या लग्नासाठी पहाटे तीनला भट्टी पेटवतात, आदल्या रात्री कांदे चिरताना बारा वाजलेले असतात. चहाच्या वेळी डॉक्टरच म्हणाले, की १९९७ मध्ये यावर संशोधन छापून आलं आहे: सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखं होतं. गाडी चालवणाऱ्याला विश्रांतीचे तास नियमानं ठरवून दिलेले असतात, हे मी घरातच बघते. गंज चालवणाऱ्याला कोण देतं? मीच द्यायला हवेत, म्हणजे आचाऱ्यांच्या दोन तुकड्या आणि मजुरी वाढीव. हे कुठल्याही श्वासानं भागत नाही. मालकानं एका तारखेला दोन लग्नं घ्यायची आणि माणसांना म्हणायचं शांत राहा, तर दडपण आलं कुठून? जिनिंगच्या मालकांनीही अगदी हेच विचारलं होतं: सीझनमध्ये रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत, तेव्हा तीच माणसं दुसऱ्या पाळीला धरतो, त्याचं काय? सर म्हणाले, हा व्यवस्थापनाचा वेगळा विषय आहे. वेगळा कसा, हे मला अजून समजलेलं नाही.

बारीकसारीक तक्रारी लवकर उरकते. हातात दिलेली वही सगळी इंग्रजीत, शिकवणं मराठीत. शेवटचा अर्धा तास 'अॅडव्हान्स कोर्स'च्या जाहिरातीत गेला, त्याची फी ऐकून क्लासवाले सरसुद्धा गप्प झाले. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलं. माइक मात्र चांगला होता, आणि सर वेळेवर सुरू करून वेळेवर संपवतात, हे आपल्याकडं सांगण्यासारखं आहे.

कुणी जावं? ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यानं. दवाखाना, जिनिंग, सराफी, मंगल कार्यालय, केळीच्या गाड्या भरणारे, सगळ्यांना दुसरा दिवस उपयोगी पडेल. परीक्षेची भीती वाटते म्हणून पोराला पाठवायचा विचार असेल तर पाठवू नका, त्याच्यासाठी यात श्वासाचा एक तास सोडला तर काही नाही. फक्त दुसऱ्या दिवसाचं बसता येतं का ते फोन करून विचारा. मला नाही म्हणाले होते, पण बँकेतल्या मॅडमच्या एका सहकाऱ्याला बसू दिलं. पहिल्या दिवसाला दहापैकी चार, दुसऱ्याला साडेआठ, जेवणाला तीन.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. आमच्या मुख्य आचाऱ्यांना पाठवायचं मी ठरवलंय, फी मी भरणार. ते म्हणतात, फी भराल ते ठीक, दोन दिवसांची मजुरीपण धरा. मी एका दिवसाची म्हणतेय. बोलणी चालू आहेत.